श्रीनगरची धावपट्टी, ओझरचं विमान आणि फ्लाइंग ऑफिसर सेखों

गोदातीर

पुतणीला शाळेत १४ डिसेंबरला पाच मिनिटं बोलायचं होतं. विषय तिनेच निवडला : फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों, भारतीय हवाई दलाचे आजवरचे एकमेव परमवीर चक्र मानकरी. तिने लिहिलेलं भाषण मी वाचलं. जन्म एका ओळीत, 'सहा विमानांशी एकट्याने झुंज' दुसऱ्या ओळीत, उरलेलं पान कवितांनी भरलेलं. मी म्हटलं, चल, नीट वाचू. तीन रात्री आम्ही दोघं बसलो. दुसऱ्या रात्री तिने विचारलं, "पण काका, धावपट्टीवर बॉम्ब पडत होते ना? मग ते निघालेच कसे?"

त्या प्रश्नासाठीच हा धागा काढतोय.

सेखोंचं गाव इसेवाल, जिल्हा लुधियाना. हलवाऱ्याचा हवाई तळ जवळच. वडील हवाई दलातच होते, मानद फ्लाइट लेफ्टनंट म्हणून निवृत्त झाले. घरात वर्दी आणि डोक्यावर विमानं, असं बालपण. ४ जून १९६७ ला ते कमिशन होऊन फायटर पायलट झाले आणि १८ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये आले. या स्क्वाड्रनचं नाव 'फ्लाइंग बुलेट्स', विमान नॅट.

नॅट म्हणजे केवढंसं विमान! पंखांचा पसारा पावणेसात मीटर. शेजारी सेबर, म्हणजे पाकिस्तानचं तेव्हाचं लढाऊ विमान, उभं केलं तर त्याचा पसारा ११ मीटरच्या वर. पायलट कॉकपिटमध्ये बसतो की विमान अंगात घालतो, असा प्रश्न पडावा. पण ३० मिलिमीटरच्या दोन तोफा, चपळ अंग, आणि एवढं लहान की आकाशात लवकर नजरेला पडत नाही. १९६५ च्या लढाईत याच नॅटने सेबर पाडली आणि 'सेबर स्लेयर' हे नाव कमावलं. दोषही होते. तोफा ऐन वेळी अडकायच्या, आणि विमान इतकं तिखट की हात जरा चुकला तरी माफी नाही.

आता श्रीनगर. १९४८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे खोऱ्यात आपण लढाऊ विमानं ठेवत नव्हतो. डिसेंबर १९७१ मध्ये युद्धाला तोंड फुटलं तेव्हा नॅटची तुकडी तिथे गेली. म्हणजे या पायलटांना डोंगर अनोळखी, हवा अनोळखी, थंडी अनोळखी. तळाची उंची समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या वर, चहूबाजूंनी पहाड. पहाडांच्या आडून खालून येणारं विमान रडारला दिसणं अवघड, म्हणून डोंगरांवरच्या चौक्यांतून माणसं डोळ्यांनी बघून खबर द्यायची. खबर मिळाल्यापासून विमानं डोक्यावर येईपर्यंत हातात मिनिटं उरायची, तीही मोजकी.

१४ डिसेंबरच्या सकाळी पेशावरहून सहा सेबर आली. चार बॉम्ब घेऊन, दोन त्यांच्या राखणीला. आपल्याकडे तयारीत असलेली जोडी होती फ्लाइट लेफ्टनंट घुम्मन पुढे आणि सेखों त्यांचे नंबर टू. घुम्मन आधी निघाले. सेखोंचं विमान धावपट्टीवर धावू लागलं तोवर पहिल्या सेबर पोहोचल्या होत्या, बॉम्ब पडू लागले होते.

इथे पुतणीला समजावताना माझ्या लक्षात आलं, की आपण सगळे हवेतल्या झुंजीबद्दल बोलतो, पण खरा क्षण त्याच्या आधीचा आहे. फायटर विमान सगळ्यांत दुबळं कधी असतं? उड्डाण करताना. पोटात इंधन भरलेलं, वेग नाही, चाकं खाली. वळता येत नाही, गिरकी घेता येत नाही, सरळ रेषेत धावत राहायचं. मागून कुणी नेम धरला तर तो चुकणं कठीण. आणि पुढे धावपट्टी शाबूत असेल की खड्डा पडलेला असेल, तेही सांगता येत नाही. त्या घडीला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा, मागे ओढून ते खंदकात गेले असते तर जगात कुणी त्यांना बोल लावला नसता. त्यांनी थ्रॉटल पुढे ढकलला.

वर गेल्यावर काय झालं ते परमवीर चक्राच्या सन्मानपत्रात आहे. त्यांनी लगेच दोन सेबरचा पाठलाग धरला, एकीवर मारा केला, दुसरी पेटवली. बाकीच्या सेबर मदतीला आल्या. झुंज झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर चालली होती. घुम्मन धुरकट हवेत जोडीदाराला शोधत राहिले, पण उड्डाणानंतर नजर चुकली ती चुकलीच. शेवटी संख्येपुढे नॅट पडलं. विमानाचे अवशेष डोंगरातल्या घळीत सापडले. सेखोंचा देह मिळाला नाही. वय २८. लग्नाला फार दिवस झाले नव्हते.

आणि आता आपल्या नाशिकचा भाग, जो मला तिसऱ्या रात्री समजला. नॅट बंगळुरूला बनायचं, त्याचा आपल्याशी संबंध नाही. पण सेखोंच्या याच १८ स्क्वाड्रनने पुढे मिग-२७ उडवलं, २०१६ पर्यंत. आणि मिग-२७ आपल्या ओझरला बनत होतं! लहानपणापासून बसवर 'ओझर मिग' ही पाटी बघत आलोय. त्या पाटीमागच्या शेडमधून निघालेली विमानं सेखोंच्या वारसदारांच्या हातात गेली, हे मला ठाऊक नव्हतं.

ओझरची मंडळी इथे असतील तर लिहा. पुतणीला वाचून दाखवणार आहे.

द्राक्षबाग

फार छान धागा. आमचं शेत जानोरी शिवारात, विमानतळाच्या अगदी अंगाला. छाटणीला आलेल्या बायका सुखोई गेलं तरी मान वर करत नाहीत, इतकी सवय. शाळेत मात्र आमच्या बाई फळ्यावर लिहितालिहिता थांबायच्या, आवाज विरेपर्यंत खडू हातात तसाच धरून ठेवायच्या, आणि मग राहिलेला शब्द पुरा करायच्या. सेखोंचं गावही तळाजवळ होतं हे वाचलं आणि बाईंचा तो थांबलेला हात डोळ्यांपुढे आला.

जुना ओझरकर

धागाकर्ते, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ओझरच्या विमान कारखान्यात माझी पंचवीसहून जास्त वर्षं गेली, त्यातली बरीचशी मिग-२७ वर.

आधी थोडं मागचं सांगतो. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' ही ओळ आमच्या पिढीच्या तोंडी तेव्हापासून आहे. १९६३ मध्ये ते लोकसभेवर गेले ते नाशिकमधून, बिनविरोध. आणि त्याच सुमारास रशियाशी मिग-२१ चा करार होऊन विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, अशी वाटणी झाली. आमच्याकडे माळरान आणि ज्वारी-बाजरी होती. त्या माळावर स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान विमान बनू लागलं. माझे वडील म्हणायचे, बैलगाडीच्या चाकाला धाव बसवणाऱ्या गावात हे चाललंय.

मिग-२१ चे एफएल, एम आणि बिस असे तीन प्रकार इथे झाले. त्यानंतर मिग-२७, तेही दीडशेच्या वर. या विमानाचे पंख मागेपुढे होतात. उतरताना पसरायचे, वेगात जाताना मागे घ्यायचे. जमिनीवरच्या लक्ष्यावर मारा करायला बनवलेलं विमान, पोटाखाली सहा नळ्यांची तोफ. नाव दिलं होतं 'बहादूर'.

माझं काम रिव्हेटिंगचं, म्हणजे रिव्हेट नावाच्या धातूच्या खिळ्यांनी विमानाचे पत्रे जोडण्याचं. बाहेरच्यांना वाटतं यंत्र येतं आणि ठोकून जातं. तसं नसतं. दोघं लागतात. एक बाहेरून रिव्हेट गन धरतो, दुसरा आतल्या अंगाला, कधी नुसता हात जाईल एवढ्याशा जागेत, लोखंडाचा ठोकळा रिव्हेटच्या शेपटीवर दाबून धरतो. बाहेरचा ठोके देतो, आतली शेपटी दबून पसरते. ठोकळा जरा तिरका झाला की रिव्हेट वाकडा. तो ड्रिलने काढायचा, भोक परत तपासायचं, पुन्हा मारायचा. दोघांचं एकमेकांशी बोलणं होत नाही, आवाजच एवढा असतो. ठोक्यांवरून कळतं, झालं म्हणून. मारून झालं की मी बोटाचं पेर पत्र्यावरून फिरवायचो. डोकं पत्र्याच्या बरोबरीत बसायला हवं, नखालाही अडता कामा नये. त्या वेगात हवा एवढ्याशा उंचवट्यालाही सोडत नाही. त्यानंतर इन्स्पेक्शनवाला त्याच्या मापाने बघायचा, पण माझं बोट आधी सांगायचं. आज डाव्या कानाला कमी ऐकू येतं. त्याचं काही वाटत नाही.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. आम्हाला पायलट कधी भेटायचे नाहीत. विमान शेडमधून फ्लाइट हँगरला जायचं, चाचण्या व्हायच्या, रंग व्हायचा आणि एक दिवस ते उडून जायचं. कुठल्या स्क्वाड्रनला, कोण उडवणार, आम्हाला ठाऊक नसायचं. २७ डिसेंबर २०१९ ला जोधपूरला मिग-२७ ची शेवटची उड्डाणं झाली, ती टीव्हीवर बघितली. सेखोंच्या स्क्वाड्रननेही आमची विमानं उडवली हे आज तुमच्यामुळे कळलं. धागा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

सह्यकडा

सुंदर चर्चा. एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. सन्मानपत्रात एका सेबरवर मारा केला, दुसरी पेटली असं आहे. पाकिस्तानी बाजू मात्र आपलं विमान गेलं असं मानत नाही. मग मुलांना नेमकं काय सांगायचं?

गोदातीर

@सह्यकडा, हा प्रश्न पुतणीलाही पडला होता. मी तिला सांगितलं, की सन्मानपत्रात जे आहे ते 'सन्मानपत्रात असं आहे' म्हणून सांग. पण परमवीर चक्र किती विमानं पाडली याच्या मोजणीवर दिलेलं नाही. बॉम्ब पडत असताना उडणं आणि वर गेल्यावर पळून न जाता सगळ्यांवर तुटून पडणं, या दोन गोष्टींबद्दल दोन्ही बाजूंत वाद नाही. त्या मोहिमेतल्या पाकिस्तानी वैमानिकांनीच पुढे या एकट्या नॅटच्या लढण्याची तारीफ केलेली आहे. ज्याच्यावर ते गोळ्या झाडत होते त्याच्याबद्दल. माझ्या दृष्टीने ती साक्ष फार मोठी.

अंजनेरी

शत्रूच्या साक्षीचा विषय निघाला म्हणून स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्यांची आठवण काढायलाच हवी. कोडगूचे. ७ सप्टेंबर १९६५, नंबर १ स्क्वाड्रनची मिस्टेर विमानं आदमपूरहून सरगोध्यावर हल्ल्याला गेली. देवय्या राखीव होते, कुणाचं विमान बिघडलं तर जागा घ्यायला. ते गेले आणि परत आले नाहीत. 'बेपत्ता' एवढीच नोंद.

पुढे ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांनी पाकिस्तानी हवाई दलाच्या बाजूने त्या युद्धाचं लेखन केलं, त्यात उलगडा झाला. परतीच्या वाटेवर एका मिस्टेरला स्टारफायटरने गाठलं होतं. स्टारफायटर म्हणजे त्या काळातलं आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान, मिस्टेर त्यापुढे कुठेच नाही. पण मार खाल्लेल्या त्या मिस्टेरने वळून झुंज दिली आणि स्टारफायटर पाडलं. स्टारफायटरचा पायलट अमजद हुसेन उडी मारून वाचला. मिस्टेरचा पायलट वाचला नाही. ते देवय्या होते. १९८८ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

तेवीस वर्षं घरच्यांनी फक्त 'बेपत्ता' या शब्दावर काढली, हे मला पदकापेक्षा जड वाटतं.

शाईपेन

पदकाची एक गोष्ट इथे जोडते, कारण ती आपल्या घरची आहे. परमवीर चक्राची रचना सावित्रीबाई खानोलकरांनी केली. जन्म युरोपातला, मूळ नाव ईव्ह. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या. मराठी, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. पदकावर इंद्राचं वज्र चार वेळा आहे. वज्र दधिची ऋषींच्या अस्थींपासून झालं, ही कथा आपल्याला आजीने सांगितलेली असते. पदक काशाचं, सोन्याचांदीचं नाही, फीत जांभळी. गोदातीर, पुतणीला दधिचीची गोष्ट सांगा, मुलांना ती चटकन पोचते.

पंचवटीकर

श्रीनगर म्हटलं की नाशिककराला दुसरी तारीख आठवते, २७ फेब्रुवारी २०१९. बडगामला एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, त्यात आपले स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे गेले. फायटर पायलट नव्हते, हेलिकॉप्टरचे होते, पण ते इथल्या भोसला मिलिटरी स्कूलचे विद्यार्थी. वायुसेना पदक त्यांना मरणोत्तर मिळालं.

अंत्यसंस्कार नाशिकलाच झाले. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. शेजारी एक भाजीवाले आजोबा, गाडी सोडून आलेले. तिरंग्यातली शवपेटी घेऊन ट्रक जवळ आला तशी त्यांनी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली आणि हात जोडले. देवळात जाताना काढतो तशी. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी त्यांचं बघून तेच केलं. ट्रक पुढे गेल्यावरही बराच वेळ कुणी चप्पल घातली नाही.

त्याच दिवशी त्याच आकाशात विंग कमांडर अभिनंदन मिग-२१ बायसनमध्ये होते, श्रीनगरच्याच ५१ स्क्वाड्रनचे. त्यांना वीरचक्र मिळालं. बायसन म्हणजे जुन्या मिग-२१ बिसवर नवी यंत्रणा बसवलेलं विमान, आणि तेही काम आपल्या ओझरचं. जुना ओझरकर काका, बरोबर ना?

जुना ओझरकर

बरोबर. बायसनचं काम ओझरलाच झालं. मी त्या शॉपमध्ये नव्हतो, पण आमच्यातली बरीच माणसं होती. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ ला जिथे आलं तिथूनच गेलं. त्या संध्याकाळी आमच्या जुन्या मंडळींच्या ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही, नुसते हात जोडलेले.

आणि तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. मी गच्चीवर होतो. तेजसचा आवाज सुखोईपेक्षा वेगळा आहे. सुखोई दोन इंजिनांचं, त्याचा आवाज छातीत बसतो. हे एका इंजिनाचं, आवाज मोकळा आणि लवकर निघून जातो. नातवाला म्हटलं, कान देऊन ऐक, याच्यानंतर हाच आवाज ऐकायचाय आपल्याला.

द्राक्षबाग

सेखोंची १८ स्क्वाड्रन पण आता तेजसवर आहे ना? मिग-२७ गेल्यावर बंद ठेवली होती, २०२० मध्ये पुन्हा उभी केली, तमिळनाडूत सुलूरला.

गोदातीर

हो. त्यांची तेजस बंगळुरूची आहेत, ओझरची नव्हेत, एवढं स्पष्ट करून ठेवतो, नाहीतर पुतणी शाळेत चुकीचं सांगायची.

आता तिच्या भाषणाचं. आज झालं. सुरुवात तिने जन्मतारखेने केली नाही. टेबलावर एक पट्टी ठेवली, त्यावर खोडरबर ठेवलं आणि म्हणाली, "ही धावपट्टी आहे, आणि हे नॅट." मग खोडरबर हळूहळू पुढे सरकवत सांगितलं, की विमानाला आत्ता वळता येत नाही, मागे शत्रू आहे, पुढे खड्डा आहे की नाही माहीत नाही. पट्टीच्या टोकाला येईपर्यंत ती हे सांगत होती. मग खोडरबर उचललं. बाईंनी पाच मिनिटांची घंटा वाजवलीच नाही, ती नऊ मिनिटं बोलली. दधिचीची गोष्टही सांगितली (शाईपेन ताई, तुमचे आभार), आणि ओझरच्या एका काकांच्या बोटाची.

घरी आल्यावर म्हणाली, अंदमानात एका बेटाला सेखोंचं नाव दिलंय ते बघायला जाऊ. ते काही इतक्यात जमायचं नाही. पण नॅट प्रत्यक्ष बघायला मिळेल असं जवळपास काही आहे का?

अंजनेरी

दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात नॅट आहे, अगदी हाताच्या अंतरावर. लुधियानात सेखोंचा पुतळा आहे, तोही दाखवा. पंजाब मेलने गेलात तर नाशिकरोडहून बसून सरळ दिल्लीला उतरता येतं.

गोदातीर

ठरलं. मे महिन्याच्या सुट्टीत. काका, तुम्ही येता का?

जुना ओझरकर

गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही आता. पण पालमला मिग-२१ ही आहे. हात लावू देत असतील तर तिला पंखाच्या मुळाशी, पत्रे जोडतात तिथे, बोटाचं पेर फिरवायला सांगा. डोळे मिटून. रिव्हेट लागला नाही, तर तो नीट बसलाय म्हणून समजायचं.